मामाच्या डोक्यात शिरलेली तासं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर माझ्या मामाचे. वडील गेल्यावर त्यांनी मला दारव्ह्याजवळच्या आपल्या गावी नेलं आणि ज्या घरात चौथीपुढे कुणी गेलं नव्हतं, त्या घरातून मला बी.ए. केलं. निकालाच्या दिवशी त्यांनी बैलांनाही पेढा चारला. अशा माणसाचं भर बाजारात हसं झालं, आणि त्याला कारण झाला कॉम्प्युटरमधला एक ठिपका.

कापसाचा भाव पडलेली ती वर्षं. नोकरी कुठे दिसत नव्हती. चित्रकलेच्या परीक्षेत पास होतो म्हणून दारव्ह्यात फ्लेक्सच्या दुकानात चिकटलो. तिथल्या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मला पर्स्पेक्टिव्हची, म्हणजे लांबचं लहान होत गेलेलं दाखवायची, सोय सापडली. पडद्यावर एक ठिपका ठेवायचा. त्यातून चहूकडे रेषा फुटतात. मग हात कितीही थरथरू दे, ब्रश त्या रेषा धरूनच चालतो. मला इतका आनंद झाला, की मी दिसेल ते त्या ठिपक्याकडे धाडू लागलो. एका बारशाच्या बॅनरवर तर पाळणाच लांब क्षितिजाकडे निघाला होता.

पेरणीच्या आधी एका कृषी केंद्राचा बोर्ड आला. कपाशीचं शेत आणि मधोमध शेतकरी. शेतकरी म्हणून मी मामांचा फोटो लावला. दुसरा कोण सुचणार? गावात कुणाच्याही वावरातलं पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, मामाच काढायचे. ती सरळ गेली की बाकीच्या तिच्या धाकात राहतात. ठिपका मी नेमका मामांच्या डोक्यामागे ठेवला. सगळ्या ओळी तिथे जाऊन मिळाल्या. मला चित्र फार देखणं वाटलं.

बाजाराच्या दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून स्वतःला बघायला आले. बोर्डाखाली गर्दी होती. गावचाच एक जण ओरडला, "काहून मोठेभाऊ, यंदा सारी तासं डोक्यातच नेऊन घुसवली काय?"

दुसरा म्हणाला, "मंग डवरा कुठून काढतीन? कानातून?"

दोन ओळींमधून बैल डवरा ओढतात, तेव्हा तण निघतं. ओळीच मिळाल्या, तर बैल जाणार कुठून? लोक पोट धरून हसत होते. मामा माझ्याकडे वळले.

"भाचेबुवा, हे काय करून ठेवलं?"

एरवी ते मला बाबू म्हणत. भाचेबुवा म्हटलं, की समजायचं.

मी त्यांना छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेच्या, रुळांवर नेलं. "पाहा मामा, ते दूर रूळ मिळतात की नाही?"

"मिळतेत खरे. चाल, जाऊन पाहू."

आम्ही उन्हात बरेच चाललो. रूळ काही मिळेनात. शेवटी मामा रुळावर बसले. "तुहा ठिपका तं पळपुटा हाये. आपन गेलो का पुढं सरकते. अन् त्याच्यापायी माह्या वावराचा सत्यानाश! यंदा मी कोनाच्याच वावरात पहिलं तास काढत नाही. लोक दोरी घेऊन येतीन दोन तासांमधलं अंतर मोजाले."

ते जीपने गावी गेले, मला न घेता. इकडे कृषी केंद्रवाल्याने बोर्ड परत पाठवला. आमचे दुकानदार म्हणाले, "कलाकार, आता शेतातून बैल जाईन असं काढ."

मी पुन्हा बसलो. ठिपका काढून टाकावा, तर शेत भिंतीला टांगलेल्या चटईसारखं दिसे. मग लक्षात आलं, की ठिपका चित्रातच असला पाहिजे असं थोडंच आहे! नवा बोर्ड लागल्यावर मी हे पत्र जीपवाल्याच्या हाती दिलं:

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

बोर्ड बदलला. तो ठिपका मी ओढत ओढत बोर्डाच्या वर, पार बाहेर नेऊन ठेवला. आकाश गेलं, आता बोर्डभर वावरच आहे. तासं कुठेच मिळत नाहीत. मिळत असतील तर कृषी केंद्रामागच्या पिंपळाच्या शेंड्यावर. तिथे डवरा न्यायचं काम पडत नाही. तुमच्या दोन्ही कानांजवळून बैलजोडी आरामात जाईल, मी पडद्यावर जोडी ठेवून पाहिली.

परवा हसणाऱ्यांपैकीच एक जण आज बोर्डाखाली बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, "तुह्या मामाले विचार, आमच्या वावरात कधी येतेत?" काय सांगू त्याला?

मी पेरणीला येतो. लहानपणी चालायचो तसा तुमच्या मागे चालेन, ठिपका वगैरे काही आणणार नाही. पहिलं तास तुम्हीच काढा. आणि मला पुन्हा बाबू म्हणा. भाचेबुवा म्हटलं, की मी तुमच्याकडे पाहुणा आलोय असं वाटतं.

मामीला नमस्कार. बैलांनाही.

तुमचा,
बाबू