पवनारचं पहिलं ताट

मंडळी, आज दुपारी वाकाटकांची जुनी राजधानी पाहायला शेजारच्याच पवनारला गेलतो. त्या राजधानीच्या टेकाडाखाली राहणाऱ्या ओळखीच्या राधाकाकूंनी वांग्याची भाजी अन् भाकर केली, पण पहिलं ताट मागच्या अंगणात ठेवलं.

"हे कोणाले, काकू?"

"आमच्या घराच्या विटा ज्याइच्या राजधानीतल्या, त्याइले. पोरगा नागपूरले बोलावून राह्यला. पण मी गेली तं रोज ताट कोण ठेवन? तू ठेवशीन?"

"काकू, कुत्रेच खात असतीन!"

तेवढ्यात ताट सरकल्याचा आवाज आला. माझे कान तिखट. जाऊन पाहिलं, तर अंगण रिकामं, भाकर तशीच, ताट मात्र टेकाडाकडे हातभर सरकलेलं.

"जा नागपूरले," मी म्हटलं, "मी ठेवीन."

काकू रडल्याच. पण एखाद्या दिवशी मला जमलं नाही, तर ते वाकाटक जेवायला माझ्या घरी तर येणार नाहीत ना?