परत मागितलेली कैची

संक्रांतीच्या आठवड्यात शेजारची पोरगी दुपारी आमच्याकडे आली. एकोणीस वर्षांची. सौंसरला शिलाईच्या क्लासला जायची, पण दिवाळीपासून तिनं जाणं सोडलं होतं. बोलणंही कमी झालं होतं. तिनं ओढणीतून आपली कैची काढून माझ्या हातात दिली.

"काकू, ठेवा तुम्ही. मले नाही लागत आता."

मला वाटलं, वाण आहे. वाणाला कोणी नाही म्हणत नाही. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिळाचा लाडू दिला आणि कैची खुशीत ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना मी हे सांगितलं, तर बाजूच्या ओळीतली बाई म्हणाली, "मलेही तिनं घड्याळ देल्लं. लग्नाचा पत्ता नाही अन् वाण वाटून राह्यली!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हात थांबला. वाण लग्न झालेल्या बाया देतात. एवढं मला कळायला हवं होतं.

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंनी अंगणवाडीतल्या बैठकीत सांगितलं होतं, उदास माणूस आवडीच्या वस्तू वाटू लागला तर सरळ विचारा. विचारल्यानं जिवाचं बरंवाईट करायचं डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. तेव्हा मी मागं भिंतीला टेकून बसले होते. बैठकीत माझं तोंड उघडत नाही.

ओळ अर्धी टाकून मी तिच्या घरी गेले. ती एकटीच पलंगावर बसली होती. मी तिच्याजवळ टेकले. सरळच म्हटलं, "पोरी, तुह्या मनात जीव द्याचं येऊन राह्यलं का?"

ती म्हणाली, "हो काकू." आणि रडली.

उपदेश मला येतच नाही. तिची आई येईपर्यंत मी हात धरून बसले. मग आशाताईंना बोलावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी बसनं छिंदवाड्याला, मनाच्या डॉक्टरकडे गेलो. घरात धोक्याचं काही राहू नये, हे तिच्या भावानं पाहिलं. तिची आई आणि मी आळीपाळीनं तिच्याजवळ राहिलो. गोळ्या चालू होत्या, डॉक्टरांशी बोलणं चालू होतं. काही दिवस बरे गेले, काही फार वाईट.

पोळ्याच्या आधी ती दारात उभी राहिली.

"काकू, माही कैची द्या."

"वाण कोणी परत मागते काय व?"

"वाण नव्हतं ते."

"माहीत आहे मले."

मी कैची आणून दिली. तिनं पात्यावरून बोट फिरवलं. "हिच्यानं काय कापलं?"

"दुधाची थैली. एकच."

"काकू! कपड्याच्या कैचीनं थैली? धार गेली ना सारी!"

ती माझ्यावर खरीखुरी चिडली. बोलणी खाऊन मी एवढी खुश कधीच झाले नव्हते. ती तशीच तणतणत पुढच्या घरी गेली, आपलं घड्याळ मागायला.