हेडमास्तरांचा कोट

लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हा मला माणसांची फार भूक होती. माझं माहेर नाशिककडचं, घर भरलेलं. इथे हे शाळेत मास्तर. ते शाळेत गेले की दोन खोल्यांत मी आणि एक मांजर. मांजरही शेजारणीचं.

ती शेजारीण म्हणजे मावशी. नात्यातली नव्हे, सगळी गल्लीच तिला मावशी म्हणायची. नवरा मागेच गेलेला, जवळच्या आंजी गावात माहेर, आणि दारात एक मोठा कडुनिंब. दुपारची भांडी उरकली की त्या निंबाखाली चार-पाच बायका गोधडी शिवायला बसत. मी बरेच दिवस खिडकीतून नुसती बघत होते. शेवटी एकदा मांजर परत द्यायच्या निमित्ताने गेले. मावशीने मांजराकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातात सुई दिली, गोधडीचा एक कोपरा पुढे सारला आणि म्हणाली, "बस. काठाकाठानं चाल."

मी चालले. थोड्या वेळाने तिने माझे टाके वाकून पाहिले आणि शेजारणीला दाखवले.

"हे टाके हायेत का बैलाची पावलं?"

सगळ्या हसल्या. मग एकीने मला 'मला' म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, तर त्या आणखी हसल्या. त्यांच्यासारखं 'मले' म्हणायला लागेपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. घरी आले तेव्हा बोटाला सुई टोचून रक्त आलेलं होतं आणि मी एकटीच हसत होते.

त्या बायकांत आमच्या ह्यांच्या हेडमास्तरांची बायकोही होती. हे कळलं तेव्हा मी आधी अंग चोरून बसायचे. पण सगळ्यांत खट्याळ तीच निघाली. तिचं एकच दुःख होतं: हेडमास्तरांचा तपकिरी लोकरी कोट. कोपरं झिजलेली, कॉलर तेलकट. नवा कोट शिवून ट्रंकेत पडलेला, पण कार्यक्रम असला की हेडमास्तर तोच जुना अंगात घालायचे.

"पोरीले पाहाले पाव्हने येतीन," ती म्हणाली, "अन् हे त्या कोटात बसतीन."

"आन इकडं," मावशी म्हणाली. "गोधडीत लोकरीचा थर बरा राह्यते."

हे आपलं नुसतं बोलणं. पण त्या हिवाळ्यात मावशीने आम्हा सगळ्यांना चार दिवस आंजीला, भावाच्या घरी, यायला सांगितलं. मोठ्या गोधड्या अंथरायला मोठं अंगण लागतं, असं आम्ही आपापल्या घरी पटवलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "एका गोधडीला इतक्या बायका?" मी म्हटलं, "एका शाळेला नाही का इतके मास्तर लागत?"

बैलबंडी गावाबाहेर पडल्यावर हेडमास्तरीणबाईंनी गाठोडं सोडलं. आत कोट.

"काऊन वो, खरंच आनला?" मावशीने विचारलं.

"धोब्याकडं टाकते म्हनून घेतला."

यावर बंडीत जी हसायला लागली ती थांबेना. गाडीवान बैलांकडे बघायचं सोडून आमच्याकडेच बघत राहिला.

आंजीच्या अंगणात दुसऱ्या दिवशी सकाळी कोट उन्हात पसरला. कात्री आणली. आता मात्र बाईंचा धीर सुटला. त्यांनी कॉलरला नाक लावलं. "ह्यांच्या तपकिरीचा वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. "राहू द्या बाप्पा."

मावशीने कात्री माझ्याकडे दिली. "तू काप. तुले कोनी काई म्हननार नाई, तू नवी हाय."

"मावशी, आमचे हे त्यांच्याच हाताखाली आहेत."

"म्हनूनच. तू कोनाले सांगनार नाई."

मी कापला. आधी उजवी बाही, मग डावी. पाठ, पुढचे दोन पल्ले, खिशासकट सगळं जुन्या लुगड्यांच्या मधे पसरलं आणि चार कोपऱ्यांवरून आम्ही शिवत निघालो. दिवसभर सुया चालायच्या आणि तोंडं त्याहून जास्त. हुरडा खायचा, पुन्हा बसायचं. सासरी जे कोणी कधी बोललं नसतं ते तिथे मान खाली घालून, टाका घालता घालता बोललं गेलं. मावशीने सांगितलं की नवरा गेल्यावर वर्षभर तिला कोणी हसताना पाहिलं तर लोक नावं ठेवायचे, म्हणून ती गोठ्यात जाऊन हसायची. "म्हशीले सवय झालती," ती म्हणाली. आम्ही हसलो, आणि मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी दोरा ओवायच्या निमित्ताने पुसलं.

परत आलो आणि शोध सुरू झाला. हेडमास्तर कोटाबद्दल शिक्षकांच्या खोलीतसुद्धा बोलले, असं आमच्या ह्यांनी जेवताना सांगितलं. मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिले. पण हेडमास्तरांनी धोब्याला बोलावणं धाडलं, तेव्हा बाई घाबरल्या. गरीब माणसावर आळ नको. त्यांनी नवी गोधडी हेडमास्तरांपुढे अंथरली आणि म्हणाल्या, "कोट यात हाय."

हेडमास्तरांनी गोधडीवरून हात फिरवला. कोपर ओळखलं, कॉलर ओळखली, खिसा सापडला. मग कात्री मागितली. आता सगळं उसवणार म्हणून बाई रडकुंडीला आल्या. पण हेडमास्तरांनी खिशाच्या तोंडापुरतंच कापड कापलं आणि आपली तपकिरीची डबी आत सारून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतःच गोधडी खांद्यावर टाकून निंबाखाली आले. आम्ही सगळ्या पदर सावरून उठलो.

"या खिशाला एक गुंडी लावून द्या," ते म्हणाले. "कूस बदलली की डबी पडते." आणि मग, "कापला कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशीनेसुद्धा.

"सरळ कापलाय," हेडमास्तर म्हणाले आणि शाळेत गेले.

पुढच्या हिवाळ्यात आंजीला जायला दोन बंड्या लागल्या. गल्लीतल्या आणखी बायका आल्या होत्या. गाव मागे पडलं तशा सगळ्या हेडमास्तरीणबाईंच्या गाठोड्याकडे बघायला लागल्या.

"यावेळी मी काई आनलं नाई," त्या म्हणाल्या.

"तं मंग कायले येऊन राह्यली?" मावशीने विचारलं.