मात्रेऐवजी काना

मुलीच्या शाळेतल्या 'मारियाची' या मेक्सिकन गाण्या-वाजवण्याच्या पथकात बारा मुलं होती आणि पोशाख अकरा होते. हे पहिल्या पालकसभेत माझ्या लक्षात आलं, कारण मी मोजले. एका कपाटात सगळे कोंबून ठेवले होते: आखूड काळी जाकिटं, बाजूने चंदेरी बटणांची रांग असलेल्या विजारी, मुलींचे लांब काळे स्कर्ट, गळ्यात बांधायचे मोठे रेशमी बो. मी विचारलं, याची यादी कुठे आहे? यादी नव्हती. बाकीच्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. सभा संपली तेव्हा पोशाखांचं काम माझ्याकडे आलेलं होतं.

आम्हाला न्यू जर्सीहून सॅन अँटोनिओला येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. नवरा आठवड्यातले चार दिवस ह्यूस्टनला. मंगळवार-गुरुवार शाळा सुटल्यावर मुलीची तालीम, शनिवारी कुठेतरी लग्न नाहीतर चर्चचा कार्यक्रम, रविवारी पुढच्या आठवड्याची भाजी चिरून डब्यांत भरायची. त्या वर्षातलं काय आठवतं असं कुणी विचारलं तर मी आधी झोप सांगेन, जी कधी पुरी झाली नाही. लाल दिव्याला गाडी थांबली की मी डोळे मिटायचे आणि मुलगी शेजारून म्हणायची, "आई, ग्रीन."

ती चौथीपासून व्हायोलिन वाजवत होती, शाळेच्या ऑर्केस्ट्रात. दहावीत मारियाचीच्या सरांना दोन व्हायोलिनं कमी पडली म्हणून त्यांनी तिला बोलावलं. मला तेव्हा मारियाची म्हणजे हॉटेलात टेबलापाशी येऊन गाणारे लोक एवढंच माहीत होतं. सरांनी समजावलं. हे संगीत पश्चिम मेक्सिकोतल्या खेड्यांमधलं. बारशाला वाजतं, लग्नाला वाजतं, मयतालाही वाजतं. व्हायोलिनं, दोन ट्रम्पेट, साध्या गिटारी, विहुएला नावाची फुगीर पाठीची छोटी गिटार आणि गिटारोन नावाची अवाढव्य गिटार, जी धरायला मुलगा दणकट लागतो. यात वेगळा गायक नसतो. जो वाजवतो त्याने गायचंही. आणि कागद समोर ठेवायचा नाही. सगळं ऐकून, पाठ करून.

ही शेवटची गोष्ट मी ऐकली, पण मनावर घेतली नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. गणपतीत एक काकू मोदक वाढता वाढता म्हणाल्या, "मुलीला बँडपथकात घातलंत म्हणे. वरातीचे कॉन्ट्रॅक्ट घेता का?" पंगत हसली. मीही हसले, कारण आखूड जाकीट, चमकती बटणं आणि ट्रम्पेट पाहून मला स्वतःलाही पहिल्या दिवशी तेच आठवलं होतं. मुलगी हसली नाही. गाडीत तिने विचारलं, वरात म्हणजे काय. मी सांगितलं. ती म्हणाली, मग त्यात इन्सल्ट काय आहे, आम्ही खरंच लग्नात वाजवतो.

पथकातली मुलं तिला 'इंदू' म्हणत. मी कपाटापाशी बटणं शिवत बसलेली असताना ते पहिल्यांदा ऐकलं आणि मला बरं वाटलं. एवढं आपल्याकडचं नाव यांना कुठून सापडलं, कोणी लाडाने ठेवलं, असं वाटून मी घरी जाताना कौतुकाने विचारलं. मुलीने खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "आई, दॅट्स नॉट अ नेम." स्पॅनिशमध्ये 'हिंदू'तला ह उच्चारत नाहीत. इंदू म्हणजे भारतातली. बाकी सगळ्यांना टोपणनावं होती, ट्रम्पेटवाल्याला बदक, गिटारोनवाल्याला फ्रीज. हिचं मात्र नाव नव्हतं, नुसता देश होता.

मग तिने ते सांगितलं, जे बहुधा बरेच दिवस सांगायचं होतं. दहा मेला, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मातृदिनाला, चर्चच्या हॉलमध्ये पथकाचा मोठा कार्यक्रम असतो. त्यात एका संथ गाण्याची दोन कडवी एकट्या मुलीने गायची असतात. सर तीन आठवड्यांनी चाचणी घेणार होते. तिला ते गाणं हवं होतं. ती म्हणाली की नुसतं व्हायोलिन वाजवलं तर ती कायम यांच्याकडे आलेली पाहुणी राहील. "इफ आय सिंग, दे हॅव टू लिसन टू मी."

अडचण एकच. तिला स्पॅनिश येत नव्हतं. शाळेत भाषा निवडायच्या फॉर्मवर मीच फ्रेंचपुढे खूण केली होती, पुढे युनिव्हर्सिटीला उपयोगी पडेल म्हणून. सॅन अँटोनिओत राहून फ्रेंच.

मी मला जे येतं ते केलं. सरांकडून गाण्याची कॅसेट आणि हाताने लिहिलेल्या शब्दांची झेरॉक्स आणली, आणि सगळं गाणं देवनागरीत लिहायला घेतलं. मुलगी देवनागरी वाचायची. भारतातून आणलेल्या पहिलीच्या पुस्तकावरून मीच तिला शिकवलं होतं. आणि स्पॅनिश देवनागरीत फार छान बसतं. त्यांचा त आपला त आहे, द आपला द. इंग्रजीत लिहिलं असतं तर पोरीने सगळ्याचे ट आणि ड केले असते. मी खूश होते. लॅबच्या जेवणाच्या सुट्टीत एका हाताने सँडविच खात कच्चं लिहिलं, दुसऱ्या दिवशी फेअर कॉपी केली, जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल रेघ, जिथे स्वर लांबवायचा तिथे अवग्रह. कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. त्याच आठवड्यात गाडीतल्या टेपने कॅसेट खाल्ली. मी म्हटलं, काळजी करू नकोस, चाल तुला आलेली आहे आणि शब्द कागदावर आहेत.

तीन आठवडे ती गॅरेजमध्ये गात होती. तालमीत सर आधी वाद्यं बसवत होते, शब्द नंतर, त्यामुळे तिचं गाणं कुणी ऐकलेलं नव्हतं. गुरुवारी चाचणी झाली तेव्हा मी खोलीच्या मागच्या बाजूला सुई-दोरा घेऊन बसले होते. बारावीतली एक मुलगी आधी गायली. मग माझी उभी राहिली. हातात कागद नाही, सगळं पाठ. आवाज चांगला लागला होता. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्यात एका ओळीनंतर व्हायोलिनमधल्या मुली माना खाली घालून हलायला लागल्या. मला वाटलं कुणीतरी काही चाळा केला असेल. या गाण्यांत मध्येच लांब आरोळी ठोकायची पद्धत आहे, दुःखाचं गाणं असेल तर अर्धी रडल्यासारखी. ट्रम्पेटवाल्याने त्या जागी आरोळी ठोकली नाही. तो घोड्यासारखा खिंकाळला.

सगळी खोली फुटली. सर फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मुलीला काय चुकलं ते कळलं नाही, म्हणून ती थांबली नाही. तो शब्द त्या कडव्यात तीनदा येत होता. तिन्ही वेळा तिने तोच म्हटला.

सरांनी डोळे पुसून तिला समजावून सांगितलं. ओळ होती, तुझ्या केसांच्या रात्रीत मी वाट चुकले. केस म्हणजे काबेयो. ती म्हणत होती काबायो. काबायो म्हणजे घोडा.

गाडीत बसल्यावर मी कागद मागितला. तिने फोल्डर माझ्या मांडीवर टाकला. मागे घातलेल्या कच्च्या कागदावर बरोबर होतं. फेअर कॉपीत मी का लिहिला, आणि त्याच झोकात पुढे बा. मात्रेऐवजी काना, तिन्ही ठिकाणी. रक्ताच्या नळीवर मी कधी एक अक्षर चुकले नव्हते. तिथे दोनदा तपासायचा नियम होता. इथे मी तपासलं नव्हतं, कारण दमले होते. तसं मी तिला सांगितलं.

तिने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "चूक झाली दॅट्स फाइन. पण तुझा कागद होता, सो आय डिडन्ट हॅव टू आस्क एनीबडी." शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं, ती म्हणाली. कुणालाही विचारलं असतं तरी. मला त्यावर काही बोलायचं होतं, की मी हे सगळं कुणासाठी करते वगैरे. पण त्याला जोर लागतो. मी गाडी सुरू केली.

सरांनी निकाल दिला नव्हता. पुढच्या गुरुवारी पुन्हा ऐकतो म्हणाले होते. मुलगी म्हणाली, मी जाणार नाही.

शनिवारी मला दोन विजारी कमरेत आत घ्यायला द्यायच्या होत्या. ते काम गिटारोनवाल्या मुलाची आई करायची, आपल्या घरी. त्यांना इंग्रजीचे पन्नासेक शब्द येत, मला स्पॅनिशचे तितकेसुद्धा नाहीत. आमचं काम बोटांनी आणि टाचण्यांनी चालायचं. त्या मला सेन्योरा, म्हणजे बाई, म्हणायच्या, मीही त्यांना सेन्योराच. मुलगी गाडीतून उतरायला तयार नव्हती. त्या बाईंना मुलाकडून सगळं कळलेलं होतं. त्या बाहेर गेल्या, गाडीच्या काचेवर टकटक केली आणि दोन मिनिटांत तिला हाताला धरून आत घेऊन आल्या. स्वयंपाकघरात इस्त्रीच्या टेबलापाशी उभं केलं. इस्त्री फिरवत एक ओळ म्हटली आणि हनुवटीने खूण केली, आता तू.

मी सवयीने पर्समधून पॅड आणि पेन काढलं. बाईंनी माझ्या हातातून पॅड घेतलं, फ्रीजवर ठेवलं आणि बाहेरच्या सोफ्याकडे बोट दाखवलं. "सेन्योरा. सिट."

मी बसले. आतून एक ओळ त्यांची, एक तिची असं चाललं होतं. दोन-तीन ओळी मी ऐकल्या असतील. जाग आली तेव्हा दीड तास झाला होता. परक्या घरात, भर दिवसा, तोंड उघडं टाकून झोपले होते आणि अंगावर कुणीतरी चादर घातली होती. स्वयंपाकघरात त्या दोघी एकत्र गात होत्या आणि मध्येच हसत होत्या. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी आणखी पाच मिनिटं तशीच पडून राहिले.

त्या आठवड्यात मुलगी शाळेतून रोज परस्पर तिकडे गेली. गिटारोनवाला तिला संध्याकाळी घरी सोडायचा. मला विचारून काही ठरलं नव्हतं आणि माझ्या फ्रीजवरच्या वेळापत्रकात ते कुठे बसतही नव्हतं. मी ते वेळापत्रक तसंच राहू दिलं.

पथकात आता तिला काबायो म्हणू लागले होते. मला राग आला. आपल्याकडे पोरीला घोडी कुठल्या प्रसंगी म्हणतात ते मला माहीत आहे. मी म्हटलं, सरांशी बोलू का? ती म्हणाली, "आई, प्लीज. डोन्ट." आणि थोड्या वेळाने, "फ्रीजपेक्षा बरं आहे." इंदू म्हणणं कधी बंद झालं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गुरुवारी सरांनी पुन्हा ऐकलं. ट्रम्पेटवाला त्या ओळीला खिंकाळलाच. या वेळी शब्द बरोबर होता, आणि ती न थांबता, हसू आवरत पुढे गेली. पहिलं कडवं सरांनी बारावीतल्या मुलीला दिलं. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. दुसरं हिला. घरी येताना मी म्हटलं, अर्धं तर अर्धं. ती म्हणाली की दुसरं कडवंच अवघड आहे, आणि पाय डॅशबोर्डवर टाकले. मी खाली घे म्हटलं नाही.

दहा मेला मी सुट्टी घेतली नव्हती. लॅबमधून तशीच हॉलवर गेले, पांढऱ्या कोटावर. बारा पोशाख तपासले. बारावा मी आणि सेन्योरांनी मिळून शिवलेला होता. तरी ऐनवेळी एका मुलीच्या स्कर्टची दुमड सुटली आणि तिच्याच 'बो'चा हूक तुटला, म्हणून ती एका गाण्यापुरती आमच्यापाशी मागे थांबली. आम्ही दोघी स्टेजच्या बाजूच्या बोळात गुडघ्यांवर बसून ते निस्तरत होतो, तेव्हा आमचं गाणं सुरू झालं. बोळातून स्टेज दिसत नव्हतं. फक्त ऐकू येत होतं. समोर साताठशे माणसं असतील, बहुतेक आज्या आणि आया, आणि त्यांतल्या प्रत्येकीला काबेयो आणि काबायोतला फरक कळत होता. मला ऐकून सांगता आलं नसतं. तीन आठवडे तिच्या तोंडून चुकीचा शब्द ऐकल्यावर माझ्या कानाला दोन्ही सारखेच झाले होते.

पहिलं कडवं संपलं. मुलीचा आवाज आला. मी सुई थांबवली आणि सेन्योरांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण माझ्याकडे बघायला दुसरं काही नव्हतं. त्यांच्या ओठांत चार टाचण्या होत्या. ती ओळ आली, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. हॉलमधून कुणा म्हातारीने लांब, रडक्या सुरात आरोळी ठोकली.

सेन्योरांनी टाचण्या तशाच ओठांत धरून एकदा मान हलवली, हो, आणि पुन्हा दुमड शिवायला लागल्या. मी भिंतीला पाठ टेकून खाली फरशीवर बसले आणि उरलेलं गाणं डोळे मिटून ऐकलं.