डब्यावरचं नाव

सांगलीच्या बाजारात भांडी ठोकत बसणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे मी एकदाच गेलो, तेही घाईत. नव्वदच्या दशकात साताऱ्याला माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. पितळी डब्यात निऑनची नळी ठेवायची आणि मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या. डबा एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला घुमतो. नळी पेटली की ती फ्रिक्वेन्सी सरकते, आणि त्यावरून नळीत इलेक्ट्रॉन किती दाट आहेत ते काढायचं. माझ्या डब्याची फ्रिक्वेन्सी मात्र नळी न पेटवताच रोज सरकायची. सहा महिने डोक्याला नुसता भुंगा.

म्हाताऱ्यानं डब्याला टिचकी मारून कान लावला. झाकण काढून जरा फिरवून बसवलं, पुन्हा टिचकी.

"झाकण दर बारीला येगळं बसतंय. ह्यात घालणार काय?"

"इलेक्ट्रॉन. दिसत नाहीत ते."

"दिसाया कशाला पायजेत? आवाज बदलला म्हंजी हायत की."

झाकणाची कड ठोकून त्यानं ते घट्ट केलं. माझं लक्ष घड्याळाकडे. साताऱ्याची एसटी सुटायला आली होती. तेवढ्यात त्यानं नाव घालायची छिन्नी उचलली.

"नाव सांगा."

"नको!" मी डबा हिसकावलाच. एका पोच्यानं सगळं बिघडलं असतं.

"बिननावाचं भांडं माझ्या हातनं कवा गेलं न्हाई," तो रागानं म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आकडे जागेवर आले. प्रबंधाच्या आभारात मी लॅबच्या शिपाईमामांचंसुद्धा नाव घातलं. त्या म्हाताऱ्यासाठी मात्र लिहिलं, ‘सांगलीचे एक कारागीर’.