हिरवं म्हणजे मोकळी जमीन

नेव्हेंकाला त्वर्त्को पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. पेत्रिन्या गावाभोवतालच्या कुरणांत युद्धात पेरलेले सुरुंग ती बावीस वर्षं पोटावर पडून, सळईनं माती टोचत शोधत आली होती. आता तर ती तुकडीची प्रमुख होती. याच कामात तिच्या नवऱ्याचा पाय गेला होता. आणि हा राजधानीतला, झाग्रेबचा इंजिनियर रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारा रोबो घेऊन आला, व्हॅनमधून उतरता उतरताच म्हणाला, "मावशी, आता घरी बसून स्वेटर विणा."

"तुझ्या आईला सांग विणायला," ती म्हणाली.

रोबोच्या पोटाखाली रडार होतं. ते जमिनीत लहरी सोडायचं, पुरलेल्या वस्तूवर आपटून परतलेल्या लहरी टिपायचं आणि वायरलेसनं त्वर्त्कोच्या पडद्यावर नकाशा धाडायचं. लाल म्हणजे वस्तू, हिरवं म्हणजे मोकळी जमीन. वरच्या कोरड्या शेतात त्यानं दोन दिवसांत तीन सुरुंग दाखवले. तिन्ही खरे निघाले.

तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठची ओली चिकणमाती सगळी हिरवी आली.

"जमीन मोकळी असल्याच्या दाखल्यावर सही करा," त्वर्त्को म्हणाला.

"टोचल्याशिवाय नाही."

"यंत्र तुमच्यापेक्षा हुशार निघालं, हे पचत नाहीये ना?"

"मग जा, नाच त्या हिरव्यावर. मी बघते."

तो जागचा हलला नाही. तिनं चिलखत चढवलं आणि आडवी झाली. दीड तासानं सळईचं टोक सुरुंगाच्या प्लास्टिकच्या कवचाला टेकलं.

सुरुंग जागीच उडवून झाल्यावर ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "बोल."

"ओली चिकणमाती लहरी गिळते," तो पुटपुटला. "परत काही आलंच नाही."

"म्हणजे याला दिसलंच नाही. मग 'दिसत नाही' म्हणायचं सोडून 'काही नाही' का म्हणालं? माझ्या तुकडीतली पोरं त्या हिरव्यावरून चालली असती रे!"

महिनाभर खपून त्यानं नकाशात करडा रंग घातला: लहर पोचलीच नाही, ती जागा. पण या बदलाबद्दल त्यानं लिहिलेल्या अहवालात नेव्हेंकाचं नाव कुठंच नव्हतं. तिनं तो अहवाल सगळ्यांदेखत टराटरा फाडला आणि मोहिमेच्या साहेबाला बजावलं, "करडं सगळं हातानं टोचून होईपर्यंत माझी सही मिळायची नाही." साहेबाला मान तुकवावी लागली.

पुढच्या वसंतात दोघं पुन्हा एकाच कुरणात होते. नकाशापुरतंच बोलायचे. एका दुपारी त्वर्त्कोनं कॉफीचा थर्मास तिच्याकडे सरकवला.

"राहू दे," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून आपला पाव नि डुकराचं खारवलेलं मांस खात बसली.