इन्स्पेक्टरसाहेब आणि निजामभाईंची बॅटरी

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तेव्हा आईलाही नाही. आणि गंमत बघा — आमच्या खानदानात गोष्टी सांगणारा माणूस म्हणजे मीच. लग्न असो, जावळ असो, जेवणं उरकली की पोरंबाळं मला घेरतात आणि मी तिखटमीठ लावून सुरू होतो. जीप ढकलल्याची गोष्ट तर पन्नासदा सांगून झाली असेल. गुरुजी चिखलात तोंडावर कसे आपटले, सरपंचांची चप्पल कशी रुतून बसली — लोक पोट धरून हसतात. पण त्या गोष्टीतला एक तुकडा मी दर वेळी गाळतो. तोच आज लिहायला बसलोय. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. वाचता आलं तर वाचा.

सुरुवात कुठून करू? साहेबांपासूनच करतो.

टीव्हीवर एक पोलिसी मालिका लागायची. तिचं नाव लिहीत नाही. माझ्या वयाच्या माणसाला सांगायची गरज नाही. तिच्यातला इन्स्पेक्टर काही राजबिंडा नव्हता. पुढे थोडं पोट, डोक्यावर टक्कल पडायला लागलेलं, मिशी साधी. पण आमच्या वडगाव रासाईत तेव्हा खऱ्या आमदारापेक्षा त्याला मान होता. का, सांगू? त्यानं कधी हात उगारला नाही. आम्हाला पोलीस माहीत होता तो काठीवाला. हा माणूस आरोपीला खुर्ची द्यायचा. टोपी काढून टेबलावर ठेवायचा आणि विचारायचा, “जेवलात का?” मग गप्प बसायचा. नुसता बघत राहायचा. त्या बघण्यात धमकी नव्हती, घाई नव्हती, आणि समोरचा माणूस आपोआप उसवत जायचा. आमची आई म्हणायची, असा एक भाऊ असावा बाईला.

आता केबलवर ते जुने भाग परत लागतात. तो नट म्हातारा झालाय, केस पांढरे झालेत, कुठल्या कार्यक्रमात आला तर लोक अजून ‘साहेब’ म्हणून उठून उभे राहतात. माझी मुलगी शिरूरला कॉलेजात जाते, ती म्हणते, “पप्पा, बसा ना, कसला भारी आहे हा!” आणि मी? सुरुवातीची धून वाजली की मी उठतो. “विहिरीवरची मोटर बघून येतो,” म्हणतो. उभ्या तालुक्यात माझ्या मोटरीइतकी बघितलेली मोटर दुसरी नसेल. बायको हसते — “अहो, पोलिसाला एवढं भ्यायला केलंय तरी काय तुम्ही?”

ती हसते. मी चपला घालून बाहेर पडतो. कारण मला खरंच भीती वाटते — एखाद्या दिवशी तो टोपी काढेल, टेबलावर ठेवेल आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघेल. या वयात, दोन मुलांच्या बापाला, हे वाटावं? वाटतं.

तर ऐका.

आमच्याकडे बारा व्होल्टवर चालणारा काळा-पांढरा टीव्ही होता. लाईटीचा भरवसा नसायचा, म्हणून वडिलांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, खिडकीबाहेर ठेवायची, वायर आत घ्यायची. अर्धी वस्ती आमच्या पडवीत बसायची. साहेबांची हुबेहूब नक्कल करायचो, म्हणून मला सगळे ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचे. चोवीस वर्षांचा होतो, कामधंदा बेताचा. तेवढीच माझी इज्जत होती.

ट्रॅक्टर कुठं लांब गेला असला तर निजामभाईंच्या जीपची बॅटरी. निजामभाई वडगाव ते केडगाव स्टेशन फेऱ्या मारायचे. गावात भाड्याची गाडी तेवढी एकच. सांजेला ती आमच्या घरामागं लागायची. स्वभाव देवमाणसाचा. “ने रे बापू,” म्हणायचे, “पन संपल्यावर जाग्याला बशिव, आन् पाना नीट आवळ.”

त्या आठवड्यात मात्र ते म्हणाले, “आता नगं नेऊ. येक शेल गेलाय तिचा. शुक्रवारी नवी आणतो, तवर माझी गाडी कशीबशी चालू द्या.”

गुरुवारी मालिकेचा भाग होता. आधीच्या भागात साहेबांना गोळी लागली होती — जगतात की मरतात, गावात दुसरा विषय नव्हता. ट्रॅक्टर कासुर्डीला मावशीकडं नांगरटीला गेलेला. सहा वाजता लाईट गेली. पडवीत माणसं येऊन बसली. “काय इन्स्पेक्टर, साहेब वाचत्याल का?” मी काय म्हणायला हवं होतं? आज बॅटरी नाही, घरी जा — एवढंच ना? पाच शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. निजामभाई मशिदीकडं गेले होते. मी मागं गेलो, बॉनेट उचललं, पाना लावला.

कुणी विचारलंच नाही बॅटरी कुणाची; सगळ्यांनी ट्रॅक्टरचीच धरली. साहेब वाचले. बायांनी डोळे पुसले. मी गुपचूप बॅटरी नेऊन बसवली, पाना नीट आवळला — बघा, ते मात्र इमानानं केलं — आणि हात धुतले.

भिवामामा त्या दिवशी टीव्हीला आले नव्हते. भिवामामा म्हणजे शेजारचे धनगर. मेंढरं कधीच विकली होती, पण लोकर कातरायला आजूबाजूची गावं त्यांनाच बोलवायची. कातर अशी चालायची की मेंढरू डोळे मिटून घ्यायचं. त्यांची म्हशीची वैरण कापायची राहिली होती. लाईट गेली तेव्हा कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरणीचं कडवळ अडकलेलं, बटण तसंच चालू. कंदील टेकवून ते हातानं अडकलेलं काढत बसले.

मालिका संपूनही माणसं पडवीत गप्पा मारत बसली होती, तीच एकदम ओरडली — “लाईट आली!” पोरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपायच्या आत ती किंकाळी आली.

पुढचं मी भराभर लिहितो. मामांचा उजवा हात. कुणीतरी डोक्याच्या पटक्यानं करकचून बांधला. मामांना उचलून जीपमध्ये घातलं. निजामभाई धावत आले, चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. एवढाच आवाज. तुम्ही कधी तो आवाज ऐकलाय का — आत माणूस असताना?

मग ढकलायला लागलो. काळी माती, वरून भिजलेली, डांबरी रस्त्यापर्यंत चढ. दहा पावलं पुढं, सहा मागं. याच वेळी गुरुजी पडले, याच वेळी सरपंचांची चप्पल रुतली. तुम्हाला हसवताना मी एवढंच सांगत आलो. आणि हेही सांगत आलो की सगळ्यात जोर माझा लागत होता. ते खोटं नाही. खांद्याची सालं निघाली माझ्या. जोर का लागत होता, ते सांगत नव्हतो.

पाऊण तासानं गाडी सुरू झाली. दौंडच्या डॉक्टरांनी मामांना वाचवलं. पंजा तसाही गेलाच असता, म्हणाले. पण इतका वेळ आवळून बांधलेला — कोपरापर्यंत काढावा लागला.

इथवरचं पाप, एक वेळ, भित्र्या माणसाचं म्हणा. पुढचं भित्र्याचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर सगळे जमले. निजामभाई मधोमध उकिडवे बसलेले, कालच्याच कपड्यात, बाहीवर मामांचं रक्त वाळलेलं. कुणी म्हणालं, “भाड्याची गाडी हाय, आन् बॅटरी संभाळता येत न्हाई?” ते म्हणाले, “काल सांजच्यापत्तुर येका चावीत लागत व्हती गाडी. मला कळंना झालंय.” आणि मग त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडं एकेक करून बघत बघत माझ्याकडं आले.

 आता विचारतील, असं वाटलं. आणि त्याच वेळी मागून कुणीतरी म्हणालं, “आपला इन्स्पेक्टर हाय की! त्याला करू द्या तपास.”

मी केला.

हो. मी डोक्यावरची टोपी काढली, पाराच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणालो, “भाई, जेवलात का?” दोघं-तिघं फिसकन हसलेसुद्धा. मी हसलो नाही. साहेब हसत नसत. मी गप्प बसलो आणि नुसता बघत राहिलो — जसं शिकलो होतो, अगदी तसं. मग हळूच विचारलं, “बॅटरीत पाणी शेवटचं कधी घातलं होतं?”

“झालं आसंल... दोन म्हयनं.”

“एक शेल गेलाय, हे ठाऊक होतं?”

“व्हय.”

“तरी गाडी फेऱ्यांवर घातली?”

निजामभाई बाहीवरचं वाळलेलं रक्त नखानं खरवडायला लागले. त्यांच्या तोंडावर मी ते बघितलं जे दर गुरुवारी टीव्हीत बघायचो — माणूस आतून उसवताना. फक्त टीव्हीतला माणूस खरा गुन्हेगार असायचा. ते म्हणाले, “माझीच चूक हाय. मामाचा हात मी घालवला.”  माझी नक्कल इतकी चांगली कधीच झाली नव्हती.

उठताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, जणू तेच माझी माफी मागत असावेत तसं, विचारलं, “बापू, काल तू न्हेली न्हवतीस ना रं?”

“न्हाई भाई,” मी म्हणालो. “तुम्हीच नगं म्हनला व्हता की.”

त्यांनी मान डोलावली. विश्वास ठेवला. महिन्याभरात जीप विकली आणि बायकापोरं घेऊन दौंडला गेले. भिवामामा आणखी बारा वर्षं जगले. डाव्या हातात बशी धरून आमच्याच पडवीत मालिका बघायचे, आणि साहेबांनी गुन्हेगार पकडला की मला कोपरानं — उरलेल्या कोपरानं — ढोसायचे. “बघ इन्स्पेक्टर, सुटतोय का कुणी?” मेले तेव्हा खांदा द्यायला मी पुढं होतो.

गेल्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला दौंडला नेली. दुकानात ॲसिडचा वास, भिंतीला ओळीनं बॅटऱ्या, आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर निजामभाई. दाढी पांढरी, बोटांना ॲसिडचे डाग. दुकान मुलाचं, पाणी घालायचं काम ते स्वतः करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. कोपऱ्यात टीव्ही चालू होता. साहेबच होते. दुसरं कोण असणार?

मला मागं वळायचं होतं, पण त्यांनी ओळखलं. हात धरून बसवलं, चहा सांगितला. टीव्हीकडं बोट करून म्हणाले, “बघ तुझा साहेब. आजून तसाच हाय. येकदा बी चुकीचा मानूस धरला न्हाई त्यानं.”

मग माझ्याकडं वळून, अगदी मायेनं म्हणाले, “जेवलास का?”

टीव्हीत त्या क्षणी काय चाललं होतं, मला माहीत नाही. मला काही ऐकू येत नव्हतं. ते बघत होते. नुसते बघत होते, कारण उत्तराची वाट बघत होते. कोणत्या उत्तराची, ते मला आजही ठरवता येत नाही.

“व्हय भाई, जेवलोय,” मी म्हणालो. जेवलो नव्हतो. तेही खोटंच.

चहा संपवून मी बॅटरी चार्जिंगला न लावता तशीच उचलली आणि निघालो. त्या रात्री बंद पडलेली बॅटरी मी हात न लावलेली असती तर बरं झालं असतं, असं वाटेत कैकदा वाटलं. पण नाही. त्या गुरुवारी भाईंच्या जीपची बॅटरी मीच काढली होती. मीच वापरली. मीच परत बसवली. आणि पारावर टोपी काढून बसलो होतो, तोही मीच.